शवपेटीवरची पाटी आणि हाडांचे वय

पोलिसांना एखादा मानवी सांगाडा सापडतो आणि काही दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी येते की तो ‘अंदाजे पस्तीस ते चाळीस वर्षे वयाच्या पुरुषाचा’ आहे. प्राचीन वसाहतींच्या उत्खनन-अहवालांतही अशीच वाक्ये आढळतात. ही वये कशी ठरवतात याची थोडीफार माहिती आपल्याला असते, विद्यार्थ्यांनाही आपण ती सांगतो. पण एक प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. काढलेले वय बरोबर आहे की चूक, हे पडताळायचे कसे? दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला काही त्याचे वय विचारता येत नाही.

मी स्वतः हाडांचा अभ्यासक नाही. मोजमापाची उपकरणे आणि त्यांचे अंशांकन हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. नवे उपकरण हाती आले, की ज्याचे माप आधीच पक्के ठाऊक आहे अशा वस्तूवर ते लावून पाहायचे, हा आमचा पहिला नियम. वाण्याच्या वजनांवर सरकारी शिक्का लागतो तोही याच तत्त्वावर. म्हणून लंडनमधील एका चर्चच्या तळघरातून जुनी दफने हलवल्याची हकिगत मी प्रथम वाचली, तेव्हा मला ती थडग्यांपेक्षा अंशांकनाचीच गोष्ट वाटली.

मुळात थडगी हलवायची वेळ का येते, ते आधी पाहू. इंग्लंडमध्ये मृतांना चर्चभोवतालच्या आवारात पुरण्याची पद्धत शतकानुशतके चालत आली होती. ज्यांना परवडे त्यांना चर्चच्या आत किंवा खालच्या तळघरात जागा मिळे. खेड्यात हे निभत असे. लंडनची लोकसंख्या मात्र १८०१ मध्ये दहा लाखांच्या घरात होती, ती १८५१ पर्यंत तेवीस लाखांच्या पुढे गेली. चर्चची आवारे होती तेवढीच राहिली. जुनी हाडे बाजूला सारून त्याच खड्ड्यात नवी पेटी ठेवायची, असे चालू झाले. दुर्गंधीच्या आणि रोगराईच्या तक्रारी वाढल्या, त्यांवर चौकश्या झाल्या, आणि अखेर १८५० च्या दशकात कायदे करून शहरातली दफने बंद करण्यात आली. नव्या दफनभूमी शहराबाहेर गेल्या.

जुन्या आवारांचे पुढे काय करायचे हा प्रश्न लगेचच उभा राहिला, कारण त्याच सुमारास लोहमार्ग शहरात शिरत होते. १८६० च्या दशकात सेंट पँक्रस येथील जुन्या चर्चचे आवार मिडलंड रेल्वेच्या मार्गात आले. तेथली थडगी हलवण्याच्या कामावर देखरेख करायला एका वास्तुविशारदाच्या कचेरीतला तरुण मदतनीस नेमला होता. त्याचे नाव टॉमस हार्डी. पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाला तोच. अशा स्थलांतरात हाडे एकत्र करून दुसरीकडे पुरली जात. कोणाचे कोणते हे कोणी लिहून ठेवत नसे. १८५७ च्या कायद्याने पुरलेले अवशेष हलवण्यास परवान्याची अट आली, आणि १८८४ च्या कायद्याने बंद पडलेल्या दफनभूमीवर इमारत बांधण्यास मनाई केली. तरी हाडांकडे माहितीचा साठा म्हणून पाहण्याची दृष्टी यायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

स्पिटलफील्ड्सचे तळघर

पूर्व लंडनच्या स्पिटलफील्ड्स या वस्तीत क्राइस्ट चर्च आहे. निकोलस हॉक्समूर या वास्तुविशारदाने ते उभारले आणि १७२९ मध्ये ते उपासनेसाठी खुले झाले. वस्ती रेशीम विणणाऱ्यांची. फ्रान्समधील धार्मिक छळाला कंटाळून आलेली ह्यूगनॉ कुटुंबे तेथे मोठ्या संख्येने स्थायिक झाली होती. चर्चखालच्या तळघरात १७२९ पासून पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे दफने होत राहिली. तेथे जागा घेणारे लोक फार श्रीमंत नव्हते, पण गरीबही नव्हते. कारखानदार विणकर, व्यापारी, कारागीर असा हा मध्यम वर्ग होता.

विसाव्या शतकाच्या मध्यास ही इमारत मोडकळीस आली होती. तिच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले गेले तेव्हा तळघर रिकामे करणे भाग पडले. एरवी असे काम कंत्राटदाराकडे जाते, काही आठवड्यांत पेट्या बाहेर निघतात आणि अवशेषांचे पुन्हा दफन किंवा दहन होते. येथे मात्र १९८४ ते १९८६ या काळात पुरातत्त्वज्ञांनी एकेक पेटी नोंदवून बाहेर काढली. जवळजवळ एक हजार मृतांचे अवशेष मिळाले. काम सुखाचे नव्हते. बंद तळघर, धूळ, शिशाचे अस्तर असलेल्या पेट्या, आणि काही शवांवर अजून टिकून राहिलेली त्वचा व केस. शिशाच्या विषबाधेबरोबरच देवीच्या विषाणूचीही धास्ती होती, म्हणून संरक्षक कपडे घालून आणि वैद्यकीय देखरेखीखाली काम करावे लागले.

या सगळ्या खटाटोपाचे मोल एका साध्या गोष्टीत होते. पेट्यांवर धातूची पाटी ठोकण्याची तेव्हा पद्धत होती. पाटीवर मृताचे नाव, मृत्यूचे साल आणि वय कोरलेले असे. अनेक पाट्या गंजून गेल्या होत्या, पण ३८७ सांगाडे असे निघाले की पाटीवरून त्यांची ओळख पटत होती. चर्चच्या नोंदवह्या, मृत्युपत्रे यांच्याशी ही नावे ताडून पाहता आली. म्हणजे येथे सांगाडे होते आणि शेजारी त्यांची खरी वयेही होती. परीक्षेचा पेपर आणि उत्तरसूची, दोन्ही एकाच तळघरात!

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये थेया मॉलसन आणि मार्गारेट कॉक्स यांच्या गटाने अभ्यास केला तो या संधीचा नेमका उपयोग करून. हाडे पाहणाऱ्यांनी पाटीवरचे वय न पाहता आपला अंदाज नोंदवायचा, आणि नंतर तुलना करायची.

हाडे वय कसे सांगतात?

मुलांच्या बाबतीत काम सोपे आहे. दुधाचे दात केव्हा येतात, कायमचे केव्हा येतात, दाताचे मूळ किती तयार झाले आहे, यांचे वेळापत्रक बरेच ठरलेले असते. हातापायांच्या लांब हाडांची टोके वाढीच्या काळात कूर्चेने जोडलेली असतात, ती ठराविक वयात मुख्य हाडाशी एकजीव होतात. गळ्यापाशी असलेल्या जत्रुकाचे छातीच्या मध्याकडील टोक सर्वांत उशिरा, विशीच्या अखेरीस जुळून येते. तोपर्यंत शरीर एका आराखड्याप्रमाणे घडत असते, आणि आराखडा सर्वांचा साधारण एकच असतो.

तिशीनंतर घडण संपते आणि झीज सुरू होते. झिजेला वेळापत्रक नसते. ओटीपोटाच्या पुढच्या बाजूला दोन जघनास्थी जेथे एकमेकींसमोर येतात, तेथला पृष्ठभाग तरुणपणी नांगरलेल्या शेतासारखा सऱ्या-वरंब्यांचा असतो. वयाबरोबर तो सपाट होतो, मग त्याला कड येते, पुढे तो खडबडीत होऊन खचतो. कवटीच्या हाडांमधील शिवणी हळूहळू मिटतात. मांडीच्या आणि दंडाच्या हाडांच्या वरच्या टोकात आतली जाळी विरळ होत जाते. या चार खुणा एकत्र घेऊन वय ठरवण्याची पद्धत हंगेरीतील दोन संशोधकांनी १९७० मध्ये मांडली होती, आणि स्पिटलफील्ड्समध्ये तीच मुख्यतः वापरली गेली.

उत्तरसूची उघडली तेव्हा काय दिसले? स्त्री की पुरुष हे प्रौढांच्या सांगाड्यांवरून जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर सांगितले गेले होते. मुलांची वयेही चांगली जुळली. प्रौढांची वये मात्र फसली. खऱ्या वयाच्या पाच वर्षे अलीकडे-पलीकडे येईल असा अंदाज तीस टक्क्यांहून कमी सांगाड्यांबाबत साधला होता. दहा वर्षांची सूट दिली तर निम्मे बरोबर. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे चुका दोन्ही बाजूंना सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. चाळिशीच्या आतल्यांना पद्धतीने म्हातारे ठरवले होते, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना तरुण. सगळी वये दोन्ही टोकांकडून मध्याकडे ओढली गेली होती.

अंशांकन करणाऱ्याला या दोन प्रकारच्या चुकांतला फरक लगेच कळतो. काटा कधी थोडा पुढे, कधी थोडा मागे दाखवत असेल तर अनेकदा मोजून सरासरी घ्यावी. चूक कमी होते. पण काटा ठराविक दिशेलाच चुकत असेल, तर हजार वेळा मोजूनही उपयोग नाही. सरासरी अधिकाधिक ठामपणे चुकीचीच येत राहील.

चूक कोठून आली?

मध्याकडे ओढ का लागते याचे एक मोठे कारण फ्रान्समधील बोके-आपेल आणि मासे या दोन संशोधकांनी १९८२ मध्येच, म्हणजे तळघर उघडण्याआधी, दाखवून दिले होते. प्रत्येक पद्धत ज्यांची वये माहीत आहेत अशा कोणत्यातरी सांगाड्यांवरून तयार झालेली असते. त्यांना आपण नमुनासंच म्हणू. या नमुनासंचातील वयांची वाटणी नकळत नव्या सांगाड्यांवर लादली जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन पाहू. समजा, जघनास्थीचा पृष्ठभाग सपाट होणे ही खूण तिशीच्या माणसांत २० टक्के आणि साठीच्या माणसांत ६० टक्के आढळते. आपल्या नमुनासंचात तिशीची १०० आणि साठीची २० माणसे आहेत. मग सपाट पृष्ठभाग असलेली तिशीची २० आणि साठीची १२ माणसे मिळतील. नियम काय बनला? सपाट पृष्ठभाग दिसला तर माणूस बहुधा तिशीचा! आता हाच नियम घेऊन अशा दफनभूमीत जा, जेथे तिशीची २० आणि साठीची १०० माणसे पुरली आहेत. तेथे सपाट पृष्ठभागाची तिशीची ४ आणि साठीची ६० माणसे असतील. आपण मात्र त्या चौसष्टांनाही नमुनासंचाच्याच प्रमाणात वाटू, म्हणजे चाळीस जणांना तिशीचे म्हणू. हाड खोटे बोलले नाही, मोजणाऱ्याचा हातही चुकला नाही, तरी साठीची छत्तीस माणसे तीस वर्षांनी तरुण झाली. नमुनासंचात म्हाताऱ्यांचा भरणा असेल तर उलट घडेल आणि तरुण माणसे वयस्क ठरतील. खूण जितकी कमी नेमकी, तितकी ही ओढ जास्त.

असे एकतर्फी नमुनासंच प्रत्यक्षात होते. जघनास्थीची एक प्रसिद्ध पद्धत १९५७ मध्ये कोरियाच्या युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांवरून तयार झाली. सैनिक म्हणजे बहुतेक सारे तरुण पुरुष. या पद्धतीने सत्तरीची म्हातारी ओळखायची तरी कशी?

यावर उपायही गणितातूनच निघाला. ‘ही खूण असलेल्याचे वय किती’ असे थेट न विचारता ‘या वयाच्या माणसात ही खूण असण्याची शक्यता किती’ असे विचारायचे, आणि दफनभूमीतील वयांची वाटणी वेगळी अजमावून दोन्हींची सांगड घालायची. बारावीच्या विद्यार्थ्यांना बेझचा सिद्धांत पुस्तकात भेटतो, तोच हा. वर्गात हे करून पाहायचे तर वरच्या उदाहरणाप्रमाणे एकशेवीस चिठ्ठ्या तयार करा. प्रत्येकीवर वय आणि ‘सपाट’ किंवा ‘खडबडीत’ असे लिहा. एका गटाला पहिल्या वाटणीचा संच देऊन नियम बनवायला सांगा, आणि दुसऱ्या वाटणीच्या चिठ्ठ्या वय झाकून त्यांच्यापुढे ठेवा. दहा मिनिटांत वर्ग चकित होतो, असा माझा अनुभव आहे.

या चुकीचे परिणाम इतिहासाच्या पुस्तकापर्यंत पोहोचतात. ‘पूर्वी माणसे चाळिशी-पन्नाशीतच मरत, म्हातारपण क्वचितच कोणाच्या वाट्याला येई’ हे विधान आपण सगळ्यांनी वाचले आहे, कदाचित शिकवलेही आहे. त्यामागे एक कारण सरासरीचे आहे. दहांपैकी चार मुले वर्षाची होऊन गेली आणि उरलेली सहा माणसे पासष्टाव्या वर्षी गेली, तरी सरासरी आयुर्मान चाळिशीच्या आतच येते, आणि त्या गावात चाळिशीत मेलेला मात्र एकही माणूस नसतो. दुसरे कारण हाडांवरून काढलेल्या वयांचे. सत्तरीची माणसे पन्नाशीची ठरत असतील तर प्राचीन दफनभूमीत म्हातारे दिसणार कोठून? स्पिटलफील्ड्सच्या पाट्यांवर सत्तरी आणि ऐंशी ओलांडलेल्यांची नावे आहेत. पाट्या नसत्या तर त्यांतले कित्येक जण अहवालात मध्यमवयीन म्हणून नोंदले गेले असते.

वय पक्के ठाऊक असल्यामुळे आणखी एक तपासणी शक्य झाली. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे विरळ होतात आणि खुब्याचा अस्थिभंग होण्याचा धोका वाढतो. हे पूर्वीही एवढेच होते का? संशोधकांनी तळघरातील स्त्रियांच्या मांडीच्या हाडांची घनता क्ष-किरणांनी मोजली आणि आजच्या ब्रिटिश स्त्रियांशी तुलना केली. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार जुन्या स्त्रियांच्या हाडांची घट आजच्यापेक्षा कमी वेगाने होत होती. दिवसभराचे कष्ट हे एक कारण असू शकते, असा संशोधकांचा तर्क. वयानुसार होणारी घट मोजायची तर आलेखाच्या आडव्या अक्षावर खरे वय लागते. हाडावरूनच काढलेले वय घेतले असते, तर हाडाने हाड मोजल्यासारखे झाले असते.

पाटी नसेल तेव्हा

पाटी नसताना नाव शोधण्याचा एक प्रयत्न आपल्या शेजारी, गोव्यात झाला. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणमधील शिराझ येथे धर्मांतरास नकार दिल्याबद्दल ठार मारण्यात आले. तिचे काही अवशेष ऑगस्टिनियन पंथाच्या धर्मगुरूंनी जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. अवशेष कोणत्या खिडकीजवळ ठेवले हेही त्यांत होते. पण मठाचे एकोणिसाव्या शतकात अवशेषच उरले होते, त्यामुळे ती खिडकी शोधणे हेच मोठे काम झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात तेथे हाडाचा तुकडा मिळाला. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राने त्यातील तंतुकणिकांचे डीएनए तपासले. ते आईकडून मुलांकडे जाते, त्यामुळे मातृवंशाचा माग त्यावरून काढता येतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की या हाडातला मातृवंश भारतातील हजारो नमुन्यांत आढळत नाही, जॉर्जियात आढळतो. २०२१ मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

येथे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे, की डीएनएने ‘केतेवान’ हे नाव सांगितलेले नाही. हाड कोणत्या मुलखातल्या वंशाचे असावे एवढेच त्याने सांगितले. नाव आले कागदपत्रांतून आणि त्या खिडकीवरून. तीन पुरावे एकाच जागी येऊन मिळाले म्हणून निष्कर्षाला बळ आले.

आता अडचणीच्या मुद्द्याकडे येतो. विज्ञानाच्या दृष्टीने नाव असलेला सांगाडा सर्वांत मोलाचा. पण ज्याला नाव आहे त्याला वंशज असू शकतात, त्याची श्रद्धा काय होती हे ठाऊक असते, आणि त्याने पैसे मोजून ‘मला येथे राहू द्या’ असे सांगितलेले असते. निनावी हाडांबाबत आपण सहज विसरतो ती गोष्ट पाटी विसरू देत नाही. जे हाड ठेवून घ्यावेसे वाटते, नेमके तेच परत करण्याचे बंधन अधिक. ‘विज्ञानासाठी’ एवढे म्हटल्याने हा पेच सुटतो असे मला वाटत नाही. उद्या नवे तंत्र येईल आणि आज पुरून टाकलेल्या हाडांची हळहळ वाटेल, हेही तितकेच खरे. १९८० च्या दशकात प्राचीन हाडातले डीएनए वाचता येईल असे किती जणांना वाटले होते?

इंग्लंडमध्ये यावर वेगवेगळ्या वाटा काढल्या गेल्या. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील सेंट ब्राइड्स चर्च १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाले. नंतरच्या उत्खननात तेथेही पाट्यांसह दोनशेहून अधिक सांगाडे मिळाले. ते त्याच चर्चच्या तळघरात ठेवले आहेत आणि अभ्यासक तेथे जाऊन पाहू शकतात. बार्टन-अपॉन-हंबर या गावच्या सेंट पीटर्स चर्चमधून अडीच हजारांहून अधिक सांगाडे अभ्यासासाठी बाहेर नेले होते. ते २००७ मध्ये परत आणून चर्चमध्येच खास बांधलेल्या अस्थिगृहात ठेवले. माणसे आपल्या चर्चमध्ये परतली, आणि कपाटाचे दार संशोधकालाही उघडता येते. मला ही वाट त्यातल्या त्यात समंजस वाटते, पण अडीच हजार माणसांना जागा देणारे चर्च प्रत्येक गावी नसते. स्पिटलफील्ड्सचा नावांचा संग्रह संग्रहालयात राहिला आणि वय काढण्याच्या नव्या पद्धती आजही त्यावर पडताळल्या जातात.

लंडनच्या यूस्टन स्थानकाशेजारी, नव्या वेगवान रेल्वेसाठी सेंट जेम्सची जुनी दफनभूमी रिकामी करताना जानेवारी २०१९ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स याची पेटी सापडली. ऑस्ट्रेलिया खंडाला समुद्रातून प्रदक्षिणा घालून त्याचा नकाशा काढणारा हा दर्यावर्दी १८१४ मध्ये वारला होता. स्थानकाच्या आधीच्या एका विस्तारात त्याच्या थडग्याचा दगड हलवला गेला, आणि तो नेमका कोठे पुरला आहे हे कोणालाच ठाऊक राहिले नव्हते. जुलै २०२४ मध्ये त्याच्या जन्मगावी, लिंकनशायरमधील डॉनिंग्टन येथील चर्चमध्ये, त्याचे पुन्हा दफन झाले. हजारो पेट्यांतून त्याची पेटी ओळखता आली याचे कारण रसायनशास्त्राचे आहे. त्याची पाटी शिशाची होती. स्वस्तात पडणाऱ्या, कथिलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाट्या दोनशे वर्षांत गंजून जातात.